टॅरँटुलाला घरातलं झुरळ का चालत नाही

शेजारचा नववीतला पोरगा परवा काडेपेटी घेऊन आला. "काका, आमच्या न्हाणीत झुरळं लई झाल्यात. तुमच्या कोळ्याला एक आणलोय. आई नको म्हणाली, खरं मी म्हटलो, फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला?"

काडेपेटी सरकवली. आत बोटाच्या दोन पेरांएवढं तांबूस झुरळ उताणं पडलेलं, सहाही पाय हवेत. पाय हलत होते, पण मध्येच थांबत, मध्येच झटका बसल्यासारखे थरथरत. विचारलं, "घरात औषध मारलासा काय रे?" तर म्हणाला, "नाही की. बाबांनी सिंकच्या मागं ते जेल तेवढं लावलंय."

त्या 'तेवढं'मध्येच सगळं आलं. उताणं पडून पाय झाडणारं झुरळ म्हणजे बहुतेक वेळा मज्जातंतूंवर विष चढलेलं झुरळ. जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं औषध असतं, फवाऱ्यात आणि मुंग्यांच्या खडूत सायपरमेथ्रिनच्या कुळातलं काहीतरी. जेलची करामत अशी, की झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही. बिळात परत जातं, तिथं त्याची विष्ठा आणि त्याचं मढं खाऊन बाकीची झुरळं मरतात. म्हणजे एकाच्या अंगात दुसऱ्याला मारण्याइतकं विष उरावं, अशीच ती योजना आहे. कोळी आणि विंचू हे कीटक नव्हेत, त्यांना सहा नाही तर आठ पाय. खरं मज्जातंतूंचं यंत्र कीटकांच्या जवळचंच. तेव्हा काडेपेटीत त्यानं पाय फुटलेली विषाची पुडी आणली होती.

माझ्याकडे सात वर्षांपासून एक चिली रोज टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आहे. पिंजऱ्यातच जन्मलेलं पिल्लू म्हणून ओळखीच्याकडून घेतलेली, आता हाताच्या पंज्याएवढी मादी. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं पहिला प्रश्न 'चावते काय?' आणि दुसरा 'खायला काय घालता?' हे ठरलेलं. पहिल्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण आधी ती खाते कशी हे सांगावं लागतं.

शेवग्याची शेंग आपण कशी खातो? गर ओढून घेतो आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवतो. टॅरँटुला अगदी तेच करते, फक्त गर आधी स्वतः शिजवते. नांग्यांसारख्या दोन विषदातांनी रातकिडा पकडला की विष आत जातं, तो ढिला पडतो. मग तोंडातून पाचक रस त्याच्यावर सोडायचा, जबड्यांनी मळत राहायचं आणि पातळ झालेला रस्सा आत ओढायचा. एवढ्याशा रातकिड्याला कधी तास लागतो, कधी चार तास. शेवटी उरते चिंचोक्याएवढी काळी गोळी, म्हणजे कवचाचा चोथा. ही गोळी ती एका कोपऱ्यात टाकते, नाहीतर पाण्याच्या वाटीत. (वाटीतच का, हे मला सात वर्षांत उमगलेलं नाही.) विंचवाचंही तसंच. खेकड्यासारख्या पुढच्या मोठ्या नांग्यांनी धरायचं, आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या चिमट्यांनी तुकडे करत बाहेरच पातळ करून प्यायचं.

या खाण्याच्या पद्धतीवरून पुढचं बरंच सुटतं. सरडे, गेको पाळणारे लोक कीटकांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवतात. आपल्या प्राण्याला हाडंच नाहीत. त्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं, खेकड्यासारखं चुन्याचं नव्हे. तेव्हा कॅल्शियमचा डबा विकत घेऊ नका. कवच कडक असलं तरी फार बिघडत नाही, ते बाहेरच राहतं. पण कीटकाच्या पोटात आणि अंगातल्या रसात जे असेल ते सगळं त्या रश्श्यात उतरतं. गाजर खाल्लेला रातकिडा म्हणजे आत गाजर आणि पाणी. जेल खाल्लेलं झुरळ म्हणजे आत जेल.

म्हणून कुठलाही कीटक पुढ्यात आला की मी तीनच गोष्टी विचारतो: हा वाढला कुठं, हा केवढा आहे, आणि माझ्या कोळ्यानं याला खाल्लंच नाही तर हा रात्रभर डब्यात काय उद्योग करेल? प्रथिनं आणि चरबीचे तक्ते मी नंतर बघतो. नवीन माणसं नेमकं उलटं करतात.

तिसरा प्रश्न मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुमाराला ती दोन आठवडे खात नव्हती. पोटामागची टक्कल पडलेली जागा काळपट झाली होती. आता एका नजरेत कळेल की ही कात टाकणार आहे. तेव्हा वाटलं, उपाशी आहे बिचारी. संध्याकाळी दोन रातकिडे सोडले आणि आम्ही नातेवाइकांकडे गेलो. सकाळी बघतो तर ती पाठीवर उताणी पडलेली, जुनं कवच अर्धं उतरलेलं, आतलं नवं अंग दुधासारखं पांढरं. एक रातकिडा तिच्या मागच्या पायाच्या टोकाशी बसून निवांत कुरतडत होता. चिमट्यानं त्याला उचलला तेव्हा त्याच्या तोंडाला ओल लागलेली होती. ती वाचली, पायाचं टोक गेलं. पुढच्या कातीत पाय जरा आखूड पण पुरा आला, कोळ्यांना ती देणगी आहे. पण कात टाकताना आणि टाकल्यावर काही दिवस हा प्राणी किती असहाय असतो, हे त्या दिवशी कळलं. विषदातसुद्धा मऊ आणि पांढरे असतात. मग लालसर होतात, मग काळे. काळे होईपर्यंत खायला घालू नये. मोठ्या मादीला दहा-पंधरा दिवस सहज थांबावं.

तरीही रातकिडा हेच माझं रोजचं धान्य आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर मिळणारा काळाभोर, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला रातकिडा तुम्ही बघितला असेल. ग्रिलस बायमॅक्युलेटस हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि जगात पुष्कळ ठिकाणी हा खाद्य म्हणून वाढवतात. त्याच्या जोडीला फिकट तपकिरी घरगुती रातकिडाही असतो. मोठ्या रातकिड्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि ६ ते ७ ग्रॅम चरबी, बाकी बहुतेक पाणी. चालतो, उड्या मारतो, मिशा हलवतो, आणि हीच त्याची खरी किंमत. टॅरँटुलाची नजर अधू. ती जमिनीचा कंप आणि अंगावरच्या केसांना लागणारी हवेची हालचाल वाचते. न हलणारं खाद्य तिच्या लेखी बहुधा नसल्यासारखंच. तोटे? एक, तो भुकेला झाला की समोर दिसेल ते कुरतडतो. दोन, वास. तीन, नर रात्रभर किर्र करतात. आमच्या आईनं एकदा मध्यरात्री डबाच उचलून गच्चीवर ठेवला होता. गाणारे फक्त नर असल्यामुळं आता मी नर आधी संपवतो.

झुरळांबद्दलचा राग घरातल्या झुरळापुरता ठेवा. खाद्य म्हणून वाढवलेली झुरळं वेगळी. दक्षिण अमेरिकेतलं डुबिया हे त्यातलं सगळ्यात शहाणं: गुळगुळीत डब्यावर चढत नाही, आवाज नाही, वास जवळपास नाही, आणि मादी अंडी बाहेर न टाकता थेट पिल्लंच देते. नखाएवढ्या पिल्लापासून चार-साडेचार सेंटीमीटरच्या मोठ्यापर्यंत हव्या त्या मापाचं मिळतं. दुर्गुण म्हणजे धोका वाटला की निपचित पडतं, नाहीतर मातीत घुसतं. मग कोळी वर आणि झुरळ खाली, दोघंही शांत. रेड रनर नावाचं दुसरं चपळ झुरळ मिळतं. ते पळत राहतं म्हणून लगेच पकडलं जातं, पण डब्याचं झाकण उघडताना तुमच्याही हातून तितक्याच लगेच निसटतं. घरात कुणाला दमा असेल तर झुरळांची वसाहत करू नका. त्यांच्या विष्ठेच्या आणि कातीच्या धुळीनं ॲलर्जी वाढते.

आता बेळगावच्या हवेबद्दल, कारण इंटरनेटवरचे सल्ले हे जमेस धरत नाहीत. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. डुबियाला पिल्लं द्यायला २८ ते ३२ अंशांची ऊब लागते, म्हणजे दिवाळीनंतर त्यांचं कुटुंब नियोजन आपोआप सुरू. रातकिडे थंडीत मरत नाहीत, पण वाढ रेंगाळते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा वाळत घातलेले कपडे तीन दिवस दमट राहतात, तेव्हा रातकिड्यांच्या डब्यात बुरशी येते, ओला कोंडा आंबतो आणि एका रात्रीत शंभरातले ऐंशी उताणे होतात. पावसाळ्यात डब्याला जाळी मोठी ठेवा, खाणं कोरडं ठेवा, आणि गाजराचा तुकडा संध्याकाळी टाकून सकाळी काढा.

पक्ष्यांच्या आणि माशांच्या दुकानात सगळ्यात सहज मिळतो तो मीलवर्म. लोक तो घेतात आणि मग म्हणतात, कोळी खात नाही. खाईल कसा? मीलवर्म ही भुंगेऱ्याची अळी, तिला अंधार हवा. सोडली की अर्ध्या मिनिटात ती डब्यातल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पोटात. तिथं ती कोष करते आणि काही आठवड्यांनी काळा भुंगेरा होऊन वर येते. भुंगेरा वासट रसायन सोडतो, त्याला कुणी तोंड लावत नाही. घालायचाच असेल तर चिमट्यानं डोकं चेपून घाला, म्हणजे वळवळेल पण खणणार नाही. चरबी शंभर ग्रॅममागे १३ ग्रॅम, रातकिड्याच्या दुप्पट. त्याचा थोरला भाऊ सुपरवर्म, त्यात १७-१८ ग्रॅम, आणि जबडेही बळकट. मधमाशांच्या पोळ्यात मेण पोखरणारी मेणअळी तर २५ ग्रॅमपर्यंत जाते. खानापूर भागात मधाच्या पेट्या ठेवणाऱ्यांना ती चांगलीच परिचयाची, आणि नावडती. कात टाकून हडकलेल्या कोळ्याला अशी एखादी अळी म्हणजे बाळंतिणीचा डिंकाचा लाडू. पण रोज डिंकाचा लाडू कुणी खातं काय?

याच्या अगदी उलट रेशीमअळी. ८० टक्क्यांहून जास्त पाणी, चरबी एखाद टक्का, अंग मऊ, चावत नाही, पळत नाही. देशात सगळ्यात जास्त रेशीम कर्नाटकात होतं, तेव्हा तुतीची बाग लावलेला शेतकरी शोधायला आपल्याला फार लांब जावं लागू नये. तुतीवर फवारणी कधी झाली एवढं मात्र विचारून घ्या. कोवळी अळी घ्यावी, कारण शेवटच्या अवस्थेतली अळी सात सेंटीमीटरपर्यंत जाते.

फवारणीचं नाव निघालं म्हणून. 'शेतात नाकतोडे फुकट आहेत की', हे वाक्य मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. निपाणीकडं तंबाखू, चिकोडी-अथणीकडं ऊस, मधे सोयाबीन, कडोलीकडं बटाटा आणि भाजी. यातलं एक तरी पीक औषधाशिवाय निघतं का? वळीव पडला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे गुंजत येतात. किती गुबगुबीत दिसतात! पण हुमणी मारण्यासाठी उसाच्या सरीत काय काय ओततात ते ऊसवाल्याला विचारा. फवारलेल्या रानातला नाकतोडा जिवंत आहे याचा अर्थ तो स्वच्छ आहे असा होत नाही. त्याला मरण्याइतका डोस मिळाला नाही, इतकाच होतो.

जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलातला कीटक घेतला तर औषधाचा प्रश्न कमी, पण परजीवींचा वाढतो. तिकडचा एखादा रातकिडा किंवा प्रार्थनाकीटक पाण्याजवळ सोडला तर त्याच्या पोटातून वीतभर लांब दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडताना मी बघितला आहे. जेवणाच्या वेळी आठवू नये असं दृश्य. शिवाय गोम, मुंग्या, दुसरे कोळी, काजवे हे काहीही घालू नये. गोम उलट कोळ्यालाच खाते, आणि काजव्यात विष असतं. पावसाच्या पहिल्या सरीला दिव्याभोवती येणारी पंखाची वाळवी मात्र मी अधूनमधून पिल्लांना देतो, तीही आमच्याच गच्चीवरच्या दिव्याखालची, जिथं काय फवारलं आणि काय नाही हे मला ठाऊक असतं.

मापाचं सांगायचं तर कीटकाचं अंग कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नको. तांदळाच्या दाण्याएवढ्या पिल्लाला फळमाशी चालते, किंवा रातकिड्याचा तोडलेला पाय. पिल्लं मेलेलंही खातात, हे पुष्कळांना माहीत नसतं. पिल्लांना आठवड्यातून दोनदा, मोठ्या टॅरँटुलाला सात ते चौदा दिवसांतून एकदा पुरे. पोट पुढच्या भागाच्या दीडपट झालं की थांबा. फुग्यासारखं पोट घेऊन ती हातभर उंचीवरून पडली तरी फुटून मरू शकते. आणि खात नसेल तर घाबरू नका. चिली रोज तर उपासासाठीच बदनाम आहे. माझीनं एकदा पाच महिने काही घेतलं नाही, नुसत्या पाण्यावर. आईला तेवढ्यापुरता तिच्याबद्दल आदर वाटला होता.

विंचवाचा चयापचय याहूनही संथ, वर्षभर उपाशी राहिलेल्या विंचवांची उदाहरणं आहेत. मित्राकडे वनखात्यात नोंद केलेला एम्परर विंचू, म्हणजे आफ्रिकेतला मोठा काळा विंचू, आहे. तो दहा दिवसांतून एक मोठं डुबिया घेतो, तेही बिळाच्या तोंडाशी आलं तरच. जाड नांग्यांचे विंचू बहुधा नांगीनंच चिरडतात, शेपटी क्वचितच वापरतात, त्यामुळं त्यांना थोडं मोठं खाद्य चालतं. विंचवाला घालण्याआधी अतिनील टॉर्च मारून बघायची सोय आहे: एरवी तो हिरवट-निळा चमकतो, पण नुकतीच कात टाकली असेल तर चमक नसते. चमकला नाही तर कीटक परत न्या.

हे वाचून कुणी वैजनाथ डोंगरावरचे दगड उलथायला निघू नये. कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंत सापडणारा लाल विंचू हा जीवघेणा आहे. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधानं माणसं वाचवता येतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण म्हणून तो डब्यात ठेवायचा नसतो. भीमगड आणि चोर्ला घाटाच्या पट्ट्यातले टॅरँटुला तिथंच शोभतात. परदेशी जातींबद्दल म्हणाल तर एम्परर विंचू सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची वनखात्याकडे रीतसर नोंद लागते. खाद्य निवडण्याआधी हे कागद बघा.

राहिलं उरलेल्याचं. न खाल्लेला कीटक चोवीस तासांत बाहेर, चोथ्याची गोळी दुसऱ्या दिवशी बाहेर. मेलेला रातकिडा ओल्या मातीत तसाच राहिला की माइट नावाचे डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव आणि बारक्या कुबड्या माश्या येतात. त्याहून वाईट म्हणजे सूत्रकृमी. ते कोळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या चिकट लेपासारखे दिसतात, कोळी खाणं सोडतो, आणि त्यावर भरवशाचं औषध नाही.

पोराच्या काडेपेटीचं काय केलं ते सांगायचं राहिलं. झुरळ कागदात गुंडाळून कचऱ्यात गेलं. पोराला मी झाकणाला जाळी लावलेला एक डबा दिला: आत अंड्यांचे दोन ट्रे, कोपऱ्यातल्या गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा, ओल्या कोकोपीटची वाटी आणि वीस रातकिडे. वाटीत माद्या शेपटीची सुई खुपसून अंडी घालतात. ऊब असली तर दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं. पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडून मरतात, त्याऐवजी धुतलेल्या गाजराची चकती. थोडे कुत्र्याच्या खाण्याचे दाणे चुरून टाकायचे, नाहीतर एकमेकांनाच खातात.

तेराव्या दिवशी तो जिन्यातूनच ओरडत आला, "काका, फुटली की! मोजायलोय, खरं लई बारीक हाईत."